कांदाभजीच्या खालची ओळ

लसणाच्या चटणीचा वास आला की मला कडावचं ते मिसळीचं हॉटेल आठवतं. माझ्या लेकाचा दुर्मिळ जनुकीय आजार लोकांना कळावा म्हणून मालकांनी खडूने मेनूच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'मस्क्युलर डिस्ट्रॉफी, आमाला विचारा', पण थेट कांदाभजीच्या खाली. एका शेतकऱ्याने बसल्या बसल्या सांगितलं, "एक मिसळ, आनि ती खालची नवी डिश." सगळं हॉटेल हसलं, मीसुद्धा. मालक म्हणाले, "डिश नाय रं, आजार हाय. पोरगं सारखं पडतं, मांडीवर हात टेकत उठतं." शेतकऱ्याचं हसू थांबलं. "आमचा धाकटा असाच उठतो. आमी त्याला आळशी म्हनतो." मालक अजूनही म्हणतात, वेगळा बोर्ड करू. मी म्हणते, भजीच्या खालीच राहू द्या.