मुरायला ठेवलेली वायर

आमच्या ह्यांच्यासारखा कान कुणाचा नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर सगळे त्यांना ‘कानवाले’ म्हणत. मशीनरूममध्ये डोळे मिटून उभे राहायचे आणि कोणत्या मोटरचं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. आणि दिवसभर विजेत हात घालणारा हाच माणूस एका वायरीपुढे लोटांगण घालून बसला. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वायर स्टिरिओची. सॉकेटमधून अ‍ॅम्प्लिफायरला वीज नेणारी, बस, एवढंच तिचं काम. पण पाण्याच्या पाइपाएवढी जाड आणि काळ्या जाळीत गुंडाळलेली. “अहो, भिंतीतली वायर तुम्हीच ओढलीत, बाजारातली साधी. पुढच्या हातभर तुकड्याने काय दिवे लागणार?” मी विचारलं.

“तुला नाही कळायचं.”

ती बनवणारी कंपनी म्हणजे एकच माणूस. घरामागच्या खोलीत स्वतः वायरी विणतो, फोनही स्वतःच उचलतो. ह्यांना दादा म्हणायचा, मला न बघताच वहिनी. “मोठ्या कंपनीत तुम्ही नुसते गिऱ्हाईक, दादा. माझ्याकडे घरचे.” झालं! आमचे हे विरघळले. सख्ख्या भावाचा फोन चार शब्दांत आटपणारा माणूस त्याच्याशी गुलुगुलु बोलत बसायचा.

वायर आली आणि त्याच आठवड्यात एका सकाळी हे म्हणाले, “डावीकडचा आवाज दबलाय गं.” लगेच त्याला फोन. तो म्हणाला, “दादा, नवी आहे. मुरायला वेळ लागतो. दिवसभर गाणी चालू ठेवा, आपोआप उघडेल, आवाज मोकळा होईल.”

मग काय, हे कामावर आणि रिकाम्या खोलीत गाणी सुरू. वायर मुरवण्यासाठी! संध्याकाळी येऊन खुर्चीत बसायचे, मान हलवायचे, “अजून नाही.” फोन मात्र उजव्या कानाला लावायला लागले होते. मी म्हटलं, “अहो, कान दाखवून या.”

“कानाला काय धाड भरलीय? वायर नवी आहे.”

शेवटी मशीनरूममध्येच उघडं पडलं. दोन मोटरींपैकी खडखड कुठली, ते त्यांना सांगता येईना. सोबतच्या मेकॅनिकने धरूनच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, “डाव्या कानाची नस गेली. लगेच आला असतात तर औषधाने कदाचित वाचली असती. इतके दिवस करत काय होतात?”

काय सांगणार? वायर मुरवत होतो?

मी त्या वायरवाल्याला फोनवर सोलून काढलं. दुसऱ्या दिवशी दारात हजर, पडलेलं तोंड घेऊन. लबाड असता तर बरं झालं असतं, पण मेल्याचा स्वतःचाच त्या वायरीवर विश्वास! बसला, डोळे मिटले, गाणं ऐकलं आणि म्हणाला, “दादा, उघडली हो. डावीकडे काय सुंदर येतंय!”

आणि आमचे हे उजवा कान पुढे करून विचारताहेत, “हो? सांगा ना, कसं येतंय?”

मला राहवलं नाही. उठले, ती वायर खेचून काढली आणि त्याच्या हातात कोंबली. “घरचे होतो ना आम्ही? निघा आता.” वायर घेऊन तो गेला. कॉम्प्युटरची साधी वायर काढून मी अ‍ॅम्प्लिफायरला लावली. गाणं परत सुरू झालं. मी ह्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

“काय आहे गं डावीकडे?” त्यांनी हळूच विचारलं.

“व्हायोलिन. अगदी स्वच्छ,” मी म्हटलं. “इतके दिवस रोज असंच वाजत होतं.”

ते उठले. त्यांनी स्टिरिओचं बटण बंद केलं.