माझी हार धरा

"हिचं धरायचं नाही. ही कच्चा लिंबू."

भाऊसाहेब असं म्हणाले तेव्हा राणी मी घेतली होती. कव्हरसकट. आमच्या उल्हासनगरच्या सरकारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कॅरम चालायचा. चौथा भिडू रजेवर होता, म्हणून मला बसवलेलं. भाऊसाहेब आमचे हेडक्लार्क. त्यांनी राणी बाहेर काढली, रुमालाने पुसली आणि परत मधोमध ठेवली. पुसली!

लालवानी माझा जोडीदार होता. त्याने विचारलं, "क्यों नहीं गिनने का?"

"अरे, गव्हर्नमेंटनेच राखीव जागेवर कच्चा लिंबू करून पाठवलीय. परीक्षेत हिचे मार्क कुणी धरले? मग आपण कशाला धरायचं?"

सगळे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला आजही चीड येते.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या वस्तीत लपंडाव खेळताना मी धाकट्या भावाला कच्चा लिंबू ठेवायची. तो सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही. पण तो चार वर्षांचा होता, नाकातला शेंबूड पुसता येत नव्हता त्याला. मी पगारदार बाई होते. टायपिंग पास होते. भाऊसाहेबांची अर्धी पत्रं मीच दुरुस्त करून टाइप करायची.

ऑफिसच्या वार्षिक स्पर्धेत मी नाव दिलं. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर वस्तीतल्या पोरींबरोबर बोटं दुखेपर्यंत खेळले. पहिलाच सामना भाऊसाहेबांशी पडला. बरं झालं, म्हटलं.

आणि हरले. सपाटून. भोवती माणसं जमली आणि माझं लक्ष बोर्डावरून उडालं. पहिल्याच फटक्याला स्ट्रायकर पॉकेटात. पुढे काही जमलंच नाही. एकही पॉइंट मिळाला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊसाहेब उदार झाले. "जाऊ दे गं. फळ्यावर नको लिहू या. तुझं काय धरायचं?"

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस माझी राणीही पुसतो आणि माझी हारही. म्हणजे मी खेळलेच नाही. मी तिथे नव्हतेच.

"धरा," मी म्हटलं.

"काय?"

"माझी हार धरा. लिहा फळ्यावर."

ते हातातला खडू परत ठेवायला निघाले. मी त्यांच्या हातातून खडू घेतला. माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. पुढे मोठं शून्य काढलं. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. या वेळी मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्याबरोबर मी बोर्डापाशी जाऊन बसले. डबा उघडलाच नाही. भाऊसाहेब आले आणि मला बघून थबकले.

"बसा," मी म्हटलं. "रोज हरले तरी रोज धरायचं. पण ज्या दिवशी मी राणी घेईन, त्या दिवशी रुमाल खिशातून काढायचा नाही."