दवाखान्याच्या हिरवळीवरच्या सात्या

१९७२, श्रावणातला रविवार. पिशवीत अळंबीच्या तेवीस छत्र्या निघाल्या. मोजताना हजर आम्ही तिघं: मी, बायको आणि भिवापूरकडून आलेली माझी आत्या.

तिच्या यजमानांना धंतोलीतल्या दवाखान्यात भरती करून अकरावा दिवस होता. ऑफिस, दवाखाना, घर अशा सायकलच्या फेऱ्यांनी मी इतका थकलो होतो, की पायरीवर बसलं की उठवत नसे. आत्या आमच्याकडे जेवायची आणि आपण फुकट खातो हेच तिच्या मनाला लागायचं. एका पोळीवर उठून जायची. त्या सकाळी दवाखान्याच्या हिरवळीवरून तिने या सात्या, म्हणजे गावाकडे खातात ती पावसाळी अळंबी, वेचून आणल्या. श्रावणात मटण बंद, पण सात्यांना मटणाचीच चव, तीही तिच्या हातची. अकरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मी एक उलटी करून पाहिली. टोपीखालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक होती. गावाकडच्या सात्या मी पाहिलेल्या. त्या खालून पांढऱ्या, फार तर गुलाबी.

"आत्या, ह्या खायच्या नाहीत वाटते."

"काहून गा? मले शिकवतं? पन्नास वर्षं खाऊन राहिली मी, मेली का?" तिने चार सात्या उकळत्या पाण्यात टाकल्या, वर चांदीचा जुना रुपया. रुपया पांढराच राहिला. "पाय! विषारी असत्या तर काळा पडला असता. खुर्चीवर बसून सात्या समजत नाहीत, बाबू."

बायको माझ्याकडे पाहत होती. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. पण जेवायला आमची दोन मुलंही होती. मी एवढंच विचारलं, "गावात कशा काढतं तू?"

"वारुळातून. मूळ खोल जाते, कोपरापर्यंत हात घाला लागते..." बोलता बोलता तिने पिशवीतली एक उचलली. दांडा खाली बोंडासारखा फुगून तिथेच संपला होता. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. पिशवीतल्या एकोणीसही पाहून झाल्या. मूळ एकीलाही नव्हतं.

"ह्या सात्या नोहेत," ती हळूच म्हणाली. "तिथं वारूळच नाही ना गा."

पातेलं तिने स्वतः मागे नेऊन ओतलं, राखेने तीनदा घासलं.

दारावर भाजीवाली आली. मी खिशात हात घातला. "तू बस," म्हणत आत्याने लुगड्याची गाठ सोडली. किलोभर दोडके, एक रुपया दहा पैसे. भाजीवालीला आत्याने दिले. मी अडवलं नाही.