उल्काचं सुटं पान

हमरस्त्याच्या पुलाखालून पलीकडे आलो तेव्हा मी म्हटलं, आता मागे फिरू या, माझा गुडघा बोलायला लागलाय. उल्का थांबली नाही. सांता क्लाराच्या ओढ्याकाठच्या वाटेवर आम्ही दोघी तासभर चालत होतो. वीस मिनिटांचा फेरा म्हणून निघालो होतो. ऑगस्टचं ऊन, ओढ्यात पाणी नावापुरतं, आणि उल्काच्या हातात फोन. दर चार पावलांनी ती त्याच्याकडे बघायची. ऑर्डर आली तर शैलेंद्र, तिचा नवरा, घरून फोन करणार होता. दोन आठवडे तो असाच फोन करणार होता आणि करत नव्हता.

"काकू, अजून पंधरा दिवस," ती म्हणाली. "पंचवीस तारखेच्या आत पोस्टात पडल्या नाहीत तर गणपतीपर्यंत पोचत नाहीत."

सीड्यांबद्दल बोलत होती. दोनशे सीड्या. तिच्या घरातल्या कपड्यांच्या मोठ्या कपाटात खोक्यांत बसून होत्या, जिथे त्या जन्मल्या तिथेच. तेही सांगितलं पाहिजे.

उल्का आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. शैलेंद्रबरोबर २००१ साली आली. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे नोकरीधंदा करता येत नाही, म्हणून सहा वर्षं घरात. तिचे वडील, अण्णा, सांगलीजवळच्या हरिपूरचे. चाळीस वर्षं भिक्षुकी केली. मग आवाज थरथरायला लागला आणि यजमान हळूहळू दुसऱ्या गुरुजींकडे गेले. २००६ मध्ये सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले तेव्हा तिने त्यांना गणपतीची पूजा सांगायला बसवलं, त्या कपाटात, कारण कोटांमुळे बाहेरचा आवाज आत येत नाही. रोज आंघोळ करून, सोवळं नेसून, म्हातारा माणूस हँगरला लटकलेल्या पँटींखाली पाटावर बसायचा आणि मायक्रोफोनला म्हणायचा, आता उजव्या हातात पाणी घ्या.

ते सगळं उल्काने कॉम्प्युटरवर स्वतः जोडलं. शिकवायला कोणी नव्हतं. पाणी सोडायला, फूल वाहायला लागतो तेवढा वेळ मध्ये मोकळा ठेवला. त्या मोकळ्या जागेत अण्णांचा श्वास ऐकू येतो. शैलेंद्र म्हणाला, तो काढून टाक. तिने नाही काढला.

गेल्या वर्षी तिला काम करायची परवानगी मिळाली. त्या दिवशी ते कार्ड घेऊन ती खाली माझ्याकडे आली, देवापुढे ठेवलं, आणि म्हणाली, आता मी सीडी विकणार. माझ्या नावाने.

तिचा एक ब्लॉग होता. इथे मुलांना मराठी कसं शिकवायचं, दूर्वा मिळाल्या नाहीत तर काय करायचं, असं काहीबाही लिहायची. वाचणारे बरेच होते. जूनमध्ये तिने तिथे सीडीबद्दल लिहिलं. लोकांनी खाली लिहिलं, स्तुत्य उपक्रम, अण्णांना नमस्कार. घेतली कोणीच नाही. पुढच्या आठवड्यात तिने हिमानीच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, शाळेबद्दल लिहिलं, मग मोदकांबद्दल, आणि ब्लॉगची रीत अशी की नवं वर येतं आणि जुनं खाली सरकतं. महिन्याभरात अण्णा पार तळाला गेले.

मग तिने लायब्ररीतून पुस्तकं आणली. त्यांत सांगितलं होतं की विकायचं पान सुटं हवं. त्यावर कडेची जुन्या लेखांची यादी नको, वरचे दुवे नको, खाली गप्पा नको. आलेल्या माणसापुढे एकच वस्तू आणि एकच बटण. पण ब्लॉगचा साचा असा की कुठलंही पान काढलं तरी ते सगळं लटांबर बरोबर येतंच. शैलेंद्र दिवसभर प्रोग्रॅमच लिहितो. तो म्हणाला, दहा मिनिटांत करून देतो. ती म्हणाली, हात लावू नकोस. साच्याच्या फाइलची तिने नक्कल केली आणि कडेची यादी आणणारी ओळ काढायला गेली, तर त्याबरोबर प्रोग्रॅममधला एक कंसही निघाला आणि सगळाच ब्लॉग पांढराफटक झाला. दोन दिवस. त्या दोन दिवसांत ती धड जेवली नाही. हिमानी मला येऊन सांगून गेली, "आजी, मॉम ब्रोक द इंटरनेट." तिसऱ्या दिवशी तिने तो कंस शोधून परत लावला, आणि पान उभं राहिलं. स्वच्छ, एकटं, कडेला काही नाही.

यापुढचं माझं पाप आहे.

मी मिरजेला शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवलं. उल्काने पान छापून माझ्याकडे आणलं आणि म्हणाली, काकू, मराठी तेवढं बघा. मी लाल पेन घेतलं. "अशी सीडी तुम्ही आजवर ऐकली नसेल" असं होतं, ते खोडलं. आत्मस्तुती शोभत नाही. बटण वरच होतं. मी म्हटलं, अगं, माणूस घरात आला की आधी पाणी विचारतात, वस्तू पुढे करत नाहीत. बटण अगदी शेवटी नेलं. मधल्या जागेत अण्णांचं चरित्र घालायला लावलं, त्यांच्या गुरुजींच्या नावासकट. शेवटी मी माझ्या हाताने लिहिलं: "सीडी घ्यावीच असा आग्रह नाही. काही न्यून राहिलं असल्यास उदार मनाने क्षमा करावी." उल्काने एक शब्द न बदलता ते चढवलं. माझ्यावर तिचा एवढा विश्वास.

पानावर दीड-दोनशे माणसं येऊन गेली. ऑर्डर एकही नाही. बेलव्ह्यूच्या उत्तरा नावाच्या बाईंनी, ज्या तिचा ब्लॉग नेमाने वाचतात, शेवटी पत्र लिहिलं: पान फार सोज्वळ आहे, पण वाचून असं वाटलं की तुम्हाला सीडी द्यायची नाहीये, बटणापर्यंत मी पोचलेच नाही. ते उल्काने मला वाचून दाखवलं तेव्हा मी वर बघितलं नाही. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो ऑर्डरींसाठी नव्हे. पुलाच्या पलीकडे, जिथे वाटेला सावली संपते, तिथे तिने मला ते सांगितलं.

अण्णा दर रविवारी फोनवर विचारायचे, किती घरं झाली. जूनमध्ये तिच्या तोंडून निघून गेलं, चाळीस. म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की पुढच्या रविवारी ते म्हणाले, यादी पाठव. प्रत्येकाचं नाव आणि गोत्र. माझ्या आवाजावर पूजा करणार म्हणजे ते माझे यजमान, रोज सकाळी मी त्यांची नावं घेईन. तेव्हापासून दर रविवारी, यादी कुठाय. ती म्हणायची, टाइप करतेय. मग म्हणायची, पोस्टात टाकली. तिकडे अण्णा पोस्टमनला अडवायला लागले.

"मी एकदा बसलेसुद्धा लिहायला," उल्का म्हणाली. "राजेश अमुक, काश्यप. शैलेंद्रच्या ऑफिसातली नावं आठवत होते. चार लिहिली. मग वाटलं, अण्णा सोवळ्यात बसून ही नावं घेणार. फाडून टाकलं."

मी तिचा हात धरला. घामाने ओला होता. मी म्हटलं, त्यांना खरं सांग. ती म्हणाली, "सांगितलं. आज सकाळीच." आणि पुन्हा चालायला लागली, म्हणून मीही चालले, गुडघ्यासकट.

सांगितल्यावर अण्णांनी विचारलं म्हणे, एकही घर नाही? ती म्हणाली, एक आहे.

ते एक घर माझं. हे गेले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मूर्ती घरात आलेली, आणि माझा मुलगा परीक्षित, जो पूजा करणार होता, अ‍ॅशबर्नला ऑफिसच्या कामात अडकला. त्याचं विमान कॅन्सल झालं. सकाळी मी मूर्तीसमोर नुसती बसून होते. पूजा मी करावी हे माझ्या मनातही आलं नव्हतं, आमच्याकडे तशी रीत नाही. उल्का एक कच्ची सीडी घेऊन आली, लावली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्यात अण्णा आधी सांगतात, उदबत्ती लावण्यापूर्वी खिडकी उघडा, नाहीतर इथला धुराचा भोंगा देवापेक्षा आधी जागा होतो. मला त्या दिवसातलं पहिलं हसू तिथे आलं. मग म्हणतात, "पूजेला कोण बसलंय ते देवाला ठाऊक आहे. पुरुष असो, बाई असो, घरात एकटं कोणी असो. बसा. पाणी घ्या."

मी पाणी घेतलं. त्या मोकळ्या जागेत अण्णांचा श्वास ऐकू येत होता, कोणीतरी माझ्यासाठी थांबलंय असा. संध्याकाळी पुण्याहून जाऊबाईंचा फोन आला, परीक्षितने केली ना पूजा? मी म्हटलं, झाली हो, छान झाली. आजतागायत त्यांना तेच माहीत आहे.

"मी अण्णांना तुमचं सांगितलं," उल्का म्हणाली. "तुम्हाला न विचारता. सॉरी. त्यांनी ऐकून घेतलं सगळं. मग चिडले माझ्यावर. म्हणाले, मग हे सांग की लोकांना. त्या पानावर माझं काय सांगत बसलीस, माझे गुरू कोण आणि मी कुठला. मला तिकडे कोण ओळखतं?"

आम्ही परत पुलापाशी आलो होतो. सावलीत एक बाक होता, त्यावर मी बसले. ती उभीच होती. फोन तिने पहिल्यांदाच खिशात टाकला.

सकाळी फोन ठेवल्या ठेवल्याच तिने बटण वर नेलं होतं. क्षमेची ओळ काढली होती, अण्णांचं चरित्रही. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. आता पानाच्या मधोमध जागा रिकामी आहे, म्हणाली.

"काकू, तिथे तुम्ही लिहाल? पूजेचं. चार ओळी, पण तुमच्या पूर्ण नावाने." मग थोडं थांबून, "आणि एकट्या बसलात, तेही."