तेल पाजलेली होडी

ग्रामसभेत तुम्ही तोंड उघडलंत आणि दुसऱ्या दिवसापासून गावातली एकही होडी तुम्हाला घेईनाशी झाली, तर काय कराल? माफी मागाल? काशीने नाही मागितली.

जयगडच्या अलीकडे एका खाडीच्या तोंडाशी खडप आहे, खडकाचा पट्टा. ओहोटीला ते उघडं पडतं. खडकाला चिकटलेली कालवं, ती शिंपल्यातली मासळी, तिथलीच, आणि काशीची चूल त्या कालवांवर पेटते. २००३ साली जेटीच्या कंत्राटदाराने त्याच खडपावर दगडमाती लोटायला घेतली. काशी भर सभेत त्याच्या तोंडावर बोलली. सखाराम तांडेल कंत्राटदाराचा माणूस. त्याने होडीवाल्यांना दम भरला. झालं, खडपावर जायची वाट बंद.

मग मीच होडी बांधते, म्हणाली. लोक हसले. लग्नाआधी ती होड्यांच्या शेडमध्ये फायबरची मॅट, म्हणजे काचधाग्याची चादर, कापायची, हे हसणाऱ्यांना कुठे ठाऊक? गणपतीपुळ्याला कुणा पाहुण्याची कयाक तिने पाहिली होती. एका माणसापुरती, चिंचोळी, एकच वल्हं दोन्हीकडे मारायचं. तिने प्लाय कापला, तांब्याच्या तारेने शिवला आणि तसलीच होडी अंगणात उभी केली. आता वरून फायबर चढवायचं, की झाली. अमावास्येची मोठी ओहोटी तोंडावर आली होती. ती हुकली तर पुढचा पंधरवडा चुलीत काय घालायचं?

सकाळी तिने होडी पालथी घातली, चिकट रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर ओतला आणि मॅटवर ब्रश मारायला लागली. मॅट बसेना. इकडे दाबली की तिकडे पापडासारखी वर. डब्यातलं रेझिन तापू लागलं होतं. तिने लाकडाला नाक लावलं. मुशी माशाचं तेल! तेलकट लाकडाला फायबर कसलं चिकटतंय?

पडवीत सासरा बसला होता, रावजी. जन्म होडीत गेलेला. तेल पाजल्याशिवाय नवं लाकूड पाण्याला द्यायचं नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. आदल्या दिवशी काशी बाजाराला गेली तेवढ्यात त्याने मायेने सगळी होडी चोळून ठेवली होती.

"आबा, कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"लाकूड तान्हेलं होतं गो," रावजी म्हणाला.

तेवढ्यात डब्यातून धूर निघाला. रेझिन दगड झालं. दुसऱ्या डब्यात उरलेलं जेमतेम अर्ध्या होडीला पुरणार.

ती रडली नाही. मॅट ओरबाडून काढली, थिनरने लाकूड पुसलं आणि काचेच्या तुकड्याने खरवडायला बसली. जरा वेळाने रावजीही दुसरी काच घेऊन समोर येऊन बसला. बोटं रक्ताळली तेव्हा कुठे खालची बाजू कोरडी लागली. तेवढ्यालाच फायबर चढलं. वरची बाजू राहिली आबांच्या तेलावर.

अमावास्येला ती निघाली. जेटीवरून सखाराम ओरडला, "काशे, बुडलीस तर आमच्या नावाने बोंबलू नकोस."

"बुडेन, पण तुझ्या होडीत चढायची नाय," ती म्हणाली.

सखारामने लाँच काढली आणि मुद्दाम तिच्या अंगावरून नेली. लाट आली, कयाक आडवी व्हायला लागली, अर्धी पाण्याने भरली. काठावर रावजी गुडघाभर पाण्यात उतरला. तिने वल्हं उजवीकडे रोवून धरलं, तोंड लाटेकडे फिरवलं आणि होडी सावरली. खडपावर पोचल्यावर आधी पाणी उपसलं, मग कोयती काढली.

दगडमातीतून वाचलेल्या त्या खडपावर ती अजून जाते. लाटही अजून कुणी ना कुणी उठवतंच. त्या खाडीत तुमची लाँच शिरली आणि पुढ्यात ती चिंचोळी होडी दिसली, तर इंजिन हळू करा.