काजूनं खाल्लेला अंगठा

सरकारी दप्तर चोख ठेवणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे, आणि ती मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजारणीमुळं. बाई आजऱ्याच्या. तिथं काजू फोडण्यात उमेदीची वर्षं गेली आणि टरफलातल्या चिकानं अंगठ्याच्या रेघा पार पुसून टाकल्या. हात चालेनासे झाले तेव्हा भावाच्या घरी राहायला आल्या. एकुलत्या मुलानं मुंबईत परजातीत लग्न केलं म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पुढं राग ओसरला, पण मुलाचा पत्ता बदलला होता, कळवणार कुठं?

एके दिवशी पोस्टमन मुलाची मनिऑर्डर घेऊन आला. सोबतचा मजकूर त्यानंच वाचून दाखवला. 'आई, राग गेला असेल तर हे पैसे घे. घेतलेस की पाडव्याला सुनेला घेऊन येतो.' बाईंनी डोळे पुसत अंगठा उमटवला. कागदावर नुसता शाईचा डाग पडला. असला अंगठा साहेबांना चालत नाही म्हणत पोस्टमननं पैसे परत नेले.

मी साक्षीदार म्हणून बाईंबरोबर पोस्टात गेलो. मागं कधीतरी एका पुसट अंगठ्यावरून पोस्टमास्तरांना वरून बोलणी बसली होती, तेव्हापासून गृहस्थ ताकही फुंकून पीत. त्यांनी बाईंचा डावा, उजवा, सगळी बोटं शाईत बुडवून पाहिली. मी सही करतो, अख्खी गल्ली करील, असं मी सांगितलं. साक्ष अंगठ्याची असते, इथं अंगठाच कुठाय, असं त्यांनी मलाच विचारलं. अकलेचा खंदक!

"सायेब, माझा अंगठा काजूनं खाल्लाय," बाई म्हणाल्या. "दुसरा कुठनं आणू?"

पैसे परत पाठवताना कारण लिहावं लागतं, आणि ठरलेल्या कारणांत काजू बसेना. मग त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'घेण्यास नकार'. हे पोस्टमननं मला नंतर सांगितलं. पाठवणाऱ्याचा पत्ता मागायला मी धावलो, तर तो दप्तराबाहेर जात नाही म्हणे. थुंकावंसं वाटलं मला त्या दप्तरावर.

पाडव्याला बाईंनी गुढी उभारली, पोळ्या केल्या, दोन पाट जास्त मांडले.

"पैसं परत गेलं तर जाऊ द्या," मला म्हणाल्या. "माझा अंगठा कसा हाय ते पोराला ठावं हाय की. ईल त्यो."

पोस्टमास्तरांनी काय लिहिलं ते सांगायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळी ते दोन पाट बाईंनी स्वतःच उचलले.