पाय उचलला की थांबतो

आमच्या ट्रॅक्टरला गियर नाही आणि क्लचही नाही. उजव्या पायाशी दोन पेडलं आहेत. एक दाबलं की ट्रॅक्टर पुढे जातो, दुसरं दाबलं की मागे, आणि पाय उचलला की आपोआप थांबतो. आतला सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. याला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. हा शब्द मी बायकोसमोर इतक्यांदा उच्चारला की शेवटी ती म्हणाली, "घ्या बाबा एकदाचा तो ट्रॅक्टर, पण हा शब्द परत काढू नका."

मी रेल्वेत इंजिनियर आहे. लखनौला मानक नगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. बायकोने बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि बख्शी का तालाब गावाच्या पुढे आमचा जो जमिनीचा तुकडा आहे, तिथे भाजीपाला करायला लागली. राबते ती. मी रविवारी देखरेख करतो, म्हणजे पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून चहा पितो. ट्रॅक्टर मात्र मी निवडलेला. एका फार्महाउसवाल्याने हिरवळ राखायला घेतलेला, मग हिरवळीचा कंटाळा आला म्हणून विकलेला, छोटासा, नारिंगी, जुना जपानी. सोबतची माहितीपुस्तिका जपानीत होती. मी त्यातली चित्रं वाचली आणि बायकोला एका वाक्यात प्रशिक्षण दिलं, "पाय उचलला की थांबतो. बस्स."

तिने विश्वास ठेवला. उन्हाळाभर तिने तो असा चालवला की शेजारच्या शेतातले लोक मोठे ट्रॅक्टर थांबवून बघत राहायचे.

ऑक्टोबर संपत आला होता. बटाटे लावायचे म्हणून ती रोटाव्हेटरने जमीन भुसभुशीत करत होती. वाफ्याच्या टोकाशी आली, पाय उचलला. पेडल खालीच राहिलं. ट्रॅक्टर थांबला नाही. तिनेच जपून वाढवलेली कोबीची रोपं त्याने एका दमात मातीत मिसळली आणि तो ट्यूबवेलच्या खोलीकडे निघाला. तिने डाव्या पायाने ब्रेकवर जोर दिला, इंजिन गचके देत बंद पडलं. भिंत जेमतेम हातभर उरली होती.

ती खाली उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक होता. त्या क्षणी शहाण्या नवऱ्याने काय करावं याबद्दल दुमत नसावं. मी खुर्चीतून न उठता म्हणालो, "अगं, पाय नीट उचलला नसशील."

"मांडी घालून बसले असते ना, तरी तो चाललाच असता," ती म्हणाली. मग तिने किल्ली माझ्या चहाच्या बशीत ठेवली. "मी यावर आता बसणार नाही. विकून टाका."

हजरतगंजच्या गर्दीत स्कूटर घालणारी बाई आहे ही. ती घाबरलेली मी तोवर पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिने कुदळ घेतली आणि हाताने सऱ्या पाडायला सुरुवात केली. बियाण्याचे बटाटे पोत्यात मोड काढून बसले होते. ती मला एक शब्द बोलत नव्हती, फक्त संध्याकाळी घरी येऊन हाताला खोबरेल तेल लावायची, माझ्या समोर बसून, सावकाश. ट्रॅक्टर विकला असता तरी चाललं असतं. पण तिने माझ्या एका वाक्याच्या भरवशावर त्यावर पाय ठेवला होता, आणि ते वाक्य खोटं ठरवून ट्रॅक्टर विकायला माझा जीव होत नव्हता.

तेव्हा मी कामाला लागलो. माझ्या पद्धतीने. नोकरीभर मी डब्यांच्या स्प्रिंगांवर अहवाल लिहिले आहेत. एकही स्प्रिंग हाताने काढल्याचं आठवत नाही. मी संभाव्य कारणांची यादी केली. तेल जुनं. फिल्टर तुंबलेला. पंपाच्या आत काही झिजलेलं. शेवटी, परिपूर्णतेसाठी, चालकाची सवय. कागद जेवणाच्या टेबलावर राहिला. सकाळी तो माझ्या डब्याखाली सापडला. शेवटच्या ओळीखाली लाल रेघ होती आणि समासात शेरा, "पुराव्याअभावी परत." बँकेने तिला सोडलं, तिने बँक सोडलेली नाही.

आमची मुलगी कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. "पापा, ये देखो ना, अंकल सबसे पहले पेडल की रॉड अलग कर रहे हैं. दो मिनट में पता चल जाता है कि पेडल फँस रहा है या पंप."

"अगं, ते परदेशातले व्हिडिओ. त्यांची धूळ वेगळी, आपली वेगळी."

"धूल का भी पासपोर्ट होता है क्या?"

मी दुर्लक्ष केलं आणि तेल बदललं. बादल्या भरभरून जुनं तेल काढलं, नवा फिल्टर कानपूरहून मागवला, शर्टाचा सत्यानाश केला. इतकं करून पेडल दाबलं, सोडलं. ते खालीच. आधी जुन्या तेलात अडकत होतं, आता नव्या तेलात अडकायला लागलं. एवढी प्रगती झाली.

पुढच्या रविवारी मिस्त्रींना बोलावलं. बख्शी का तालाबच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. मोठ्या ट्रॅक्टरांची इंजिनं ते रेडिओ ऐकत ऐकत उघडतात. आमच्या ट्रॅक्टरभोवती त्यांनी एक फेरी मारली, वाकून पाहिलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, "साहब, बुरा न मानें तो पूछें, क्लच कहाँ है?"

"नहीं है."

"गियर?"

"वो भी नहीं है."

"अच्छा. तो अल्लाह के भरोसे चलता है?"

"हायड्रोस्टॅटिक है."

"जी, वही."

इथे मला माझी बाजू मांडावीशी वाटली. पुरुषांना मिस्त्रीसमोर ते वाटतंच. मी आवाज खाली आणून म्हणालो, "वैसे मशीन में कुछ नहीं है. मैडम का पाँव ज़रा भारी पड़ता है."

बायको पलीकडच्या सरीत होती. कुदळ हवेत थांबली, मग जमिनीत जरा जास्तच खोल गेली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते चादर अंथरून ट्रॅक्टरखाली शिरले.

आणि त्यांनी काय केलं? एक पिन काढली आणि पेडलची रॉड अलग केली. मुलगी तिथेच उभी होती. तिने काही म्हटलं नाही, हे तिचे उपकार. मिस्त्रींनी पंपाकडचं टोक हाताने ढकललं. ते टुणकन जागेवर परत आलं. मग सुटं पेडल दाबलं. ते खालीच बसून राहिलं.

"पंप नवाब है साहब, तेल भी माशाल्लाह. बीमारी इस कब्ज़े में है," पेडल ज्या आसावर फिरतं तिथे बोट ठेवून ते म्हणाले. मग थांबले. "साहब, यहाँ चींटियाँ बहुत हैं."

"खेत है, चींटियाँ तो होंगी."

"जी, मगर चींटी हाइड्रोलिक तेल नहीं पीती." त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तिथला तपकिरी, चिकट थर खरवडला आणि नाकाशी नेला. दोनदा वास घेतला. चेहरा एकदम आदरयुक्त झाला. "इसमें शहद है. घी भी है शायद."

आता इथवर सोयीस्करपणे गाळलेली एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा होते. लखनौत आल्यापासून आम्ही विळी, कात्री, मुलीचा लॅपटॉप आणि माझी जुनी मोजपट्टी पुजत आलो. यंदा घरात खराखुरा ट्रॅक्टर होता. बायको म्हणाली, बॉनेटला हळदकुंकू लावा, झेंडूची माळ घाला, पुरे. मला ते पुरेना. बॉनेटला कुंकू लावणं म्हणजे अज्ञान, असं माझं म्हणणं. ज्या ट्रॅक्टरला गियर नाही, क्लच नाही, त्याचे प्राण कुठे? पेडलांत. तेव्हा अभिषेक व्हायचा तर तिथेच व्हायला हवा. दूध, दही, तूप, मध, साखर, वाटीभर पंचामृत मी मंत्र म्हणत दोन्ही पेडलांवर सोडलं होतं. पुढे नेणाऱ्यावर जरा जास्त, कारण प्रगती पुढच्या दिशेने व्हावी. मग पंधरा दिवस ट्रॅक्टर उन्हात उभा राहिला. पंचामृत आत मुरलं, वाळलं, त्यावर शेतातली धूळ बसली आणि त्याचा जो गोंद झाला, तसा गोंद आमच्या रेल्वेच्या स्टोअरलाही कधी मिळालेला नाही.

"किसने डाला साहब?" मिस्त्रींनी विचारलं.

"पूजा में... गिर गया होगा," मी म्हणालो.

"गिरा नहीं था," सरीतून आवाज आला. "मंत्र पढ़ के डाला था."

मिस्त्रींनी दोन्ही पेडलं उतरवली, आस डिझेलने धुतला, पॉलिश पेपरने घासला, पायाखालच्या रबरी मॅटखाली साचलेला चिखल काढला. ग्रीस भरायचं निप्पल रंगाखाली दडलं होतं. फार्महाउसवाल्याने त्याला कधी हात लावला नव्हता आणि माझ्या यादीत ते नव्हतंच. मिस्त्रींनी हातपंपाने त्यात ताजं ग्रीस भरलं, रॉड जोडली. पेडल दाबलं, सोडलं. टक्कन वर. मी स्वतः वीसेक वेळा करून पाहिलं.

"झालं," मी बायकोला म्हणालो. "बस आता."

ती कुदळ टेकून उभी राहिली. "नक्की?"

"शंभर टक्के."

"तुमची खात्री आहे?"

"अगं, इंजिनियर आहे मी."

"मग समोर उभे राहा."

मला वाटलं, थट्टा करतेय. तिने हात पदराला पुसले, किल्ली मागून घेतली आणि चढून बसली. "तिथे नाही. बरोबर मध्ये. हां."

मिस्त्री चहाचा ग्लास घेऊन पेरूखाली माझ्या खुर्चीत बसले होते. मुलीने फोन बाहेर काढला. ट्रॅक्टर सुरू झाला आणि माझ्याकडे यायला लागला, बैलगाडीच्या वेगाने. हायड्रोस्टॅटिकचं तत्त्व मला पाठ आहे. पाय उचलला की तेलाचा प्रवाह मध्यावर येतो आणि चाकं जागच्या जागी धरली जातात. मी हे तत्त्व मनात म्हणत होतो. अर्ध्यापर्यंत आलो असेन.

ट्रॅक्टर थांबला. माझ्यापासून चांगला दोन हात लांब. हे मला नंतर कळलं, कारण तोवर मी कोथिंबिरीच्या वाफ्यात पोचलो होतो.

"अहो, तिकडे काय करताय?"

"तुला जागा करून दिली."

"मी पाय उचलला होता."

"हो, पाहिलं ना."

"कशाने पाहिलंत? पाठ होती तुमची."

मुलगी फोनमागे इतकी हसत होती की चित्रीकरण वाया गेलं असावं अशी मी आशा केली. बायको मात्र हसत नव्हती. तिने ट्रॅक्टर मागे घेतला, थांबवला. पुढे आणला, थांबवला. पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी ती आपल्या पायाकडे बघत होती. खांदे हळूहळू खाली आले. मग ती माझ्याकडे वळली.

"आता मिस्त्री भैयांना सांगा."

"काय?"

"पाँव भारी पडतो म्हणालात ना त्यांच्यासमोर? हिंदीत म्हणालात. हिंदीतच सांगा."

कोथिंबिरीत उभं राहून माणूस फारसा बाणेदार दिसत नाही. मी घसा साफ केला. "भैया, मैडम का पाँव बिलकुल ठीक था. गलती हमारी थी. पहले दिन से."

मिस्त्री ग्लास खाली ठेवून उठून उभे राहिले. "अरे साहब, आप क्यों शर्मिंदा करते हैं. ये तो हम आते ही समझ गए थे."

बायकोने रोटाव्हेटर खाली सोडला. "कोथिंबीर तुडवू नका आणखी. बाहेर या आणि बटाट्यांची पोती आणा."

मी पोती आणायला गेलो. वळून बघायची गरज नव्हती. मागून आवाज येत होता. वाफ्याच्या टोकाशी ट्रॅक्टर थांबत होता, जरा मागे येत होता, आणि ती त्याला वळवून पुन्हा पुढे नेत होती.